पळस, बीट आणि वहिनी

वहिनींना कावीळ झाली आहे, असं मी एका सकाळी गल्लीभर सांगून टाकलं. त्यांना कावीळ झालेली नव्हती. त्यांनी पापण्यांना पिवळा रंग लावला होता.

तुमच्याही गल्लीत दुसऱ्याचं दुखणं त्याच्याआधी ओळखणारा एखादा माणूस असेल. दिग्रसला, आमच्या गल्लीत, तो मी होतो. दुपारपर्यंत वहिनींच्या ओसरीवर उसाचा रस आला, मुळ्याचा पाला आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ढाणकीहून काविळीची माळ घालणाऱ्या म्हातारीलाच घेऊन आलं. वहिनींनी रस पिऊन टाकला, माळ गळ्यात घालून घेतली आणि खिडकीच्या गजात अडकवलेल्या आरशात मान वळवून पाहिलं.

"पिवळ्यावर खुलते नाही का माळ?" मग माझ्याकडे वळून, "मास्तर, पळसाची फुलं उकळून खोबरेल तेलात घोटली मी. यंदाची फॅशन आहे. तुमच्याच पेपरात आलती."

पेपर माझाच होता. त्यातली बायकांची पुरवणी आमच्या घरी कुणी वाचत नाही, असं मी सांगत असे. माझी वाचून झाली की वहिनी ती घेऊन जायच्या.

त्या शेजारच्याच. उंच, सावळ्या, समोरचे दात जरा पुढे. घरची शेती गावाबाहेर, कोरडवाहू, आणि सगळी कपाशी. ती वर्षं कशी होती हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्याला सांगून कळत नाही. पीक आलं तर भाव नाही, भाव आला तर पीक नाही. माणसं एकमेकांच्या घरी जाताना चपलांबरोबर चेहराही उतरवूनच आत जात. अशा दिवसांत ही बाई दर हंगामाला नवीन तोंड घेऊन ओसरीवर बसायची.

पुरवणीतल्या वस्तू दिग्रसच्या दुकानांना माहीतच नव्हत्या. वहिनी त्यांचा घरगुती अनुवाद करीत. थंडीत गडद ओठ, म्हणजे बिटाचा रस तुपात आटवायचा. धुरकट डोळे, म्हणजे एरंडेलाच्या दिव्याचं काजळ बोटाने पसरवायचं. एकदा काहीच न लावल्यासारखं दिसण्याची फॅशन आली, तेव्हा त्यांनी पुरवणी तशीच परत आणून दिली. म्हणाल्या, "हे आपल्या गावात जुनंच आहे."

कुणी टोकलंच तर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आरसा काही कापसाचा भाव इचारत नाही."

एका साली कपाशीवर लाल्या आला. शेतंच्या शेतं तांबडी पडून वाळली. नळावर एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कपाशीवर लाल्या आला, अन् काहींच्या ओठावर बी आला."

वहिनींनी नळाखालचा पाण्याचा गुंड काठोकाठ भरू दिला. मग म्हणाल्या, "कपाशीवरचा तू घालवून दाखव बाई, मंग मी ओठावरचा पुसते."

पण त्याच साली त्यांची सासूच्या वेळची शिलाई मशीन कायमची बसली. कपाशी गेल्यावर घरात चूल पेटत होती ती वहिनींच्या ब्लाउजांवर. तेवढ्यात शहरातली एक संस्था कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांना मशिनी वाटणार असं कळलं. मी वहिनींचं नाव सुचवलं. सूत्रसंचालनही मीच ओढून घेतलं. माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो.

चैत्रातली दुपार, शाळेच्या मैदानात मांडव. फोटोवाल्याने बायकांना सांगितलं, पदर डोक्यावर घ्या, खाली पाहा. सगळ्यांनी पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर वहिनी बिटाचे ओठ घेऊन सरळ समोर बघत होत्या.

संस्थेचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "या बाई गरजू वाटत नाहीत. त्यांची मशीन दुसऱ्या कुणाला देऊ."

"दोन मिनिटं द्या साहेब," म्हणत मी रुमाल माठातल्या पाण्यात बुडवला आणि वहिनींपाशी गेलो.

"वहिनी, एवढे ओठ पुसून घ्या. साहेब नाही म्हणून राह्यले."

"काहून?"

"गरजू वाटत नाही म्हणतात."

"मशीन हाताले पाहिजे, मास्तर. तोंड कायले पाहून राह्यले?"

"अहो, घरी जाऊन पुन्हा लावा."

"आज पुसलं त रोज पुसा लागंन." त्यांनी मंचाकडे पाहिलं. "अन् साहेबानं बी केसाले कलप लावला ना? पाहा, कानापासून ओघळून राह्यला. आपण काही म्हटलं का?"

माझ्या एका हातात रुमाल होता. दुसऱ्या हातात माइक होता. तो चालू होता.

वहिनींचं वाक्य मांडवभर गेलं. मग मागच्या रांगेतून एक बाई फिसकन हसली, आणि मग सगळ्याच. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. खुर्चीची कड त्यांनी घट्ट धरली होती. मशीन गेली, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. पण ओठांना हात लावला नाही.

अध्यक्षांनी कानामागे बोट फिरवलं. काळं झालेलं बोट पाहिलं. मंचावरून खाली आले आणि माझ्यापुढे हात केला. वहिनींसाठी भिजवलेल्या रुमालाने त्यांनी आपला कान पुसला, रुमाल मला परत दिला आणि म्हणाले, "पहिलं नाव बाईंचंच घ्या."

फोटो पेपरात आला. ती मशीन पुढे कितीतरी वर्षं आमच्या भिंतीपलीकडे खडखडत राहिली. मग वहिनी मशीन घेऊन उमरखेडला लेकीकडे राहायला गेल्या. तिथूनही दर फाल्गुनात एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आमच्या हिच्यासाठी पळसाच्या रंगाची डबी यायची. यंदा डबी आली नाही. त्या गेल्याचा निरोप आला.

त्या संध्याकाळी मी पेपरातला तो फोटो शोधून काढला. वहिनी मशीनवर हात ठेवून उभ्या, नजर थेट तुमच्याकडे. छापील शाईत ओठ काळेभोर. कडेला काळा झालेला रुमाल धरून मी.

हिने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. जुन्या डबीत उरलेला पिवळा रंग तिच्या पापण्यांवर होता. मी ते ओळखलं, आणि या वेळी कुणाला काही सांगितलं नाही.

"झकास दिसतात वहिनी," ती म्हणाली. "साऱ्या फोटोत गरजू एकटे तुम्हीच दिसून राह्यले."