भिंतीतली तार

मलकापुरात आमचं घर बांधलं तेव्हा मी कॉलेजात होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यात सिग्नलला होते. सगळी नोकरी डोंगरादऱ्यांतनं तारा ओढण्यात गेली. पेन्शनवर आल्या आल्या त्यांनी घराचं काम काढलं आणि गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक खोलीत नेटवर्कची केबल टाकून घेतली. गवंडी हसला. आई म्हणाली, "घरात कॉम्प्युटर एक न्हाई, आन् सहा खोल्यांत तारा!"

"लागंल कवातरी," आण्णा एवढंच बोलले.

पुढं वायफाय आलं आणि भिंतीतल्या त्या पांढऱ्या सॉकेटांकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खोलीतल्या सॉकेटावर तर मी वर्षानुवर्षं कॅलेंडर टांगत होते.

दोन वर्षांपूर्वी मला पुण्याच्या ऑफिसनं घरनं काम करायची परवानगी दिली. मी आनंदानं माघारी आले, पण राऊटर खालच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आणि माझी खोली वर. मधे स्लॅब. खोलीत रेंज यायचीच नाही, म्हणून मी जिन्याच्या सातव्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. मीटिंग ऐन रंगात आली की आई खालून हाक मारायची, "सरक गं, सांडगं वाळत घालायचं हायत." मग आई परात माझ्या डोक्यावरनं नेत पलीकडं जायची आणि आमची सगळी टीम ते बघायची. साहेबांनी एकदा सांडग्यांची कृतीच विचारली.

मग मी सिग्नल पुढं ढकलणारं एक यंत्र मागवलं. पण सिग्नल त्याच्यापर्यंतच धड पोचत नव्हता, तर ते पुढं काय पाठवणार? मी वैतागले. आण्णा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "भिंतीत तार हाय की."

सगळ्या केबलींची टोकं जिन्याखाली एका पेटीत आणली होती म्हणे. पण ती पेटीच सापडेना. दोनदा रंग लागून भिंत सपाट झाली होती. आण्णा गुडघ्यावर बसून बोटाच्या पेरानं भिंत वाजवत सरकू लागले.

"आवं, दिवाळीतच रंग दिलाय!" आई ओरडली.

"गप जरा, ऐकू दे."

एका जागी टकटक पोकळ वाजली. आण्णांनी सुरीनं रंग कापला, झाकण निघालं, आणि आत सहा करड्या केबली, प्रत्येकीला चिकटपट्टीवर त्यांच्या अक्षरात नाव: सैपाकघर, देवघर, वरची खोली. आण्णा आईकडं बघून मिशीत हसले.

टोकांना राऊटरमधे बसणाऱ्या पिना लावायच्या होत्या. आठ बारीक तारा, त्यांचा क्रम ठरलेला. मोतीबिंदूमुळं आण्णांना रंग नीट कळत नव्हते. "तू रंग सांग, मी लावतो."

"पांढरा-केशरी. केशरी. पांढरा-हिरवा. निळा…"

मी वाचत गेले, त्यांची बोटं न बघता तारा सरळ करत गेली. तार तपासायचा टेस्टर लावला, एकापाठोपाठ आठ दिवे लागायला हवे होते, सहावा लागलाच नाही. माझा चेहरा पडला.

"काप. फिरून करू. एवढी मोप तार हाय, भ्यायचं कशाला?"

तीनदा कापलं. चौथ्या खेपेला एक ते आठ दिवे ओळीनं लागले, आणि आण्णांनी उठून त्या टेस्टरला खाडकन सॅल्यूट ठोकला. मी हसून हसून खाली बसले.

राऊटरपासनं पेटीपर्यंत तार जोडली, वरच्या सॉकेटाला दुसरा राऊटर लावला, नाव-पासवर्ड तेच ठेवलं. खोलीत रेंज फुल्ल!

त्याच दुपारी माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तोही सैन्यात, उत्तरेला सरहद्दीवर. एरवी आण्णा त्याला "बरा हायस न्हवं?" विचारून फोन आईकडं द्यायचे. त्या दिवशी दिलाच नाही. फोन घेऊन जिना चढले, उतरले, पेटी दाखवली, सॉकेट दाखवलं. "बग, कुठंबी तुटतंय का?" भाऊही एकेक खोदून विचारत होता. बापलेकांना इतका वेळ बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आई बाजूला उभी. शेवटी म्हणाली, "आवं, द्या की फोन. माझाबी ल्योक हाय त्यो."

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे रिटायर हवालदार दारात हजर. त्यांच्याही माडीवर रेंज नव्हती आणि भिंतीत तर तारच नव्हती. आण्णांनी बाहेरनं, पाण्याच्या पायपाच्या कडेनं केबल न्यायचा बेत सांगितला. चहा अर्धा ठेवून दोघं स्कूटरवर बसले आणि केबल आणायला कराडच्या बाजारात गेले.