धुळ्याचं मशीन का थांबायचं

"धुळ्याची लाईन उचलून जळगावला आणू. तिकडची माणसं ढिली आहेत," मीटिंगमध्ये आमचे जनरल मॅनेजर म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "तुमच्याकडची आहेत, राग मानू नका."

राग आलाच. मी साक्री तालुक्यातला, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. धुळ्याच्या शेडमध्ये आमच्या भागातलीच पोरं. लाईन गेली तर ती घरी बसणार. मी म्हणालो, "सर, उचलायच्या आधी मला तिकडे पाठवा."

आम्ही ठिबकच्या नळ्या बनवतो. दोन्हीकडे मशीन तेच, प्लास्टिकचा दाणा तोच. दाणा मशीनमध्ये वितळतो आणि नळी होऊन बाहेर पडतो. मशीन थांबलं की आतला माल थिजतो. पुन्हा तापून नळी नीट येईपर्यंत निघेल ते भंगार. म्हणून जळगावला शिफ्ट चालत्या मशीनवर बदलते. नवा ऑपरेटर उभा राहिल्याशिवाय जुना हलत नाही.

धुळ्याला पहिल्याच संध्याकाळी ऑपरेटर सुनीलने मशीन बंद केलं, डबा उचलला आणि गेटकडे निघाला.

"अरे, पुढचा माणूस येऊ दे ना."

"तो ज्या गाडीवर येस, तीच गाडीवर मी जास, साहेब. शेवटली शे. चुकनी ते आठेच झोपनं पडी. तुम्ही गादी देशात का?"

ही शेवटची एस.टी. गेटसमोर माणसं उतरवायची, तिथूनच माघारी फिरायची; चुकली तर रात्र शेडमध्येच. जळगावला सगळे मोटरसायकलवर येतात, मीसुद्धा. शिफ्टच्या वेळा जळगावच्याच उचलून धुळ्याला लावलेल्या. एस.टी.चा विचार कोणी केलाच नव्हता.

तिच्या आधी एक गाडी होती. नव्या शिफ्टला त्या गाडीने बोलवायचं ठरवून मी साहेबांना फोन केला.

"म्हणजे दोन गाड्यांमधल्या वेळेचा दोघांनाही पगार?"

"भंगारापेक्षा स्वस्त आहे, सर."

"बरं, एक महिना बघू. नाही जमलं तर ट्रक पाठवतो."

ट्रक लागला नाही. महिनाभरात भंगार निम्म्यावर आलं. जळगाव आधीच वर, तिथे वाढायला जागा थोडी. धुळ्याला भरपूर. दिवाळीपर्यंत एफिशियन्सीत, म्हणजे मशीनच्या दर तासाच्या चांगल्या मालात, धुळं जळगावच्या बरोबरीला आलं. पुढचं नवीन मशीन तिथेच बसलं. त्यावर सुनीलचा धाकटा भाऊ लागला.

एखादा जिल्हा मागे का, हे ठरवण्याआधी तिथला माणूस कामावर येतो कसा, ते बघून यावं. मी आता कुठल्याही प्लांटला गेलो की आधी स्टँडवर जातो.