खिडकीतलं ऊन

मी स्वीडनमध्ये मराठी मुलांना मराठी शिकवते. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यासाठी अगदी उत्तरेच्या एका खाणीच्या गावी गेले. तिथल्या सात वर्षांच्या ईराची आई उन्हाळ्यात वारली होती, आणि तेव्हापासून ईराने एकही मराठी शब्द उच्चारला नव्हता.

"मी मराठीत बोलतो, ती उत्तर स्वीडिशमध्ये देते," स्टेशनवरून नेताना तिचे वडील म्हणाले. "भाषाही गेली, तर आईचं तिच्याजवळ काय राहील?"

दिवसभर मी गोष्टी सांगितल्या. ती ऐकत होती, पण मराठीत बोलली नाही.

त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. रविवारी भरदुपारी मात्र डोंगरामागे थोडा केशरी उजेड आला. ईरा खिडकीशी खुर्ची ओढून बसली आणि डोळे मिटून तिने तोंड वर केलं.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"ऊन खातेय."

भांडी विसळणारे वडील थांबले.

"आई म्हणायची, ऊन खायला ये," ती म्हणाली. मग डोळे उघडून म्हणाली, "पण हे गरम नाहीये."

"नाहीये गं," म्हणत वडील ओल्या हातांनीच तिच्याजवळ येऊन बसले.

आपण भाषा शिकवतो, असं आपल्याला उगीच वाटतं. ती कुणाच्या तरी हाकेतून आत शिरते, आणि ते माणूस गेलं की तिथेच मुकी बसून राहते.

उजेड लवकरच मावळला. ती दोघं आईबद्दल बोलत होती, मराठीत. मी दार हळूच ओढून घेतलं.