कात्रीवहिनीची शेवंती

गल्लीतली माणसं पँटची उंची कमी करायला म्हणून येतात, पँट टेबलावर टाकतात आणि मग खिशातून हळूच एक पान काढतात. कात्रीवहिनी आधी पान बघते, मग पँट. पान खिडकीच्या उजेडात उलटंसुलटं करते. पांढरी पूड माखलेलं असलं की म्हणते, "वरून अंघोळ घालता ना झाडाला? पाणी बुडाशी घाला. आणि गर्दी कमी करा, दोन झाडांमधून वारा खेळू दे. भुरी आहे ही, एवढ्यानं शेवंती मरत नाही." समोरच्याच्या जिवात जीव येतो. मग ती गळ्यातली टेप काढून त्याची उंची मोजते.

कात्रीवहिनी हे नाव गल्लीनं ठेवलेलं. एक कात्री तिच्या हातात आणि दुसरी तोंडात, आणि दोन्हींना धार लावायची वेळ कधी आली नाही. नवरा तिच्याच दुकानात काजं-बटणं करतो. तो दिवसभरात बोलतो ते शब्द एका काजात मावतील.

दुकानाच्या मागच्या दाराशी शेवंतीचा वाफा आहे. तो सासूचा. सासूनं नव्या सुनेला शिलाईचं मशीन मोकळ्या मनानं दिलं, पण वाफ्याला बोट लावू दिलं नाही. "तुझा हात कापायचा, माझा लावायचा," म्हणायची. ती गेल्यावर थोरली नणंद एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आपल्या गावी घेऊन गेली आणि निघताना उंबऱ्यात म्हणाली, "वहिनी, जप हो. कापड नाही ते, फाटलं तर रफू करायला."

ते वाक्य वहिनीला टाचणीसारखं टोचलं. तिनं वाफा असा सांभाळला की सासूनंही तोंडात बोट घालावं. मुंग्या देठावर चढायला लागल्या की ती आधी शेंडे तपासायची. तिथं मावा चिकटलेला असायचाच. तो बोटांनी पुसून साबणाच्या पाण्यानं धुऊन टाकायची. एका वर्षी मात्र झाडं हिरवीगार, आणि कळी म्हणून नाही. खत बदललं, माती बदलली, काही उपयोग नाही. शेवटी लक्षात आलं की मागच्या बाजूच्या फोटोवाल्यानं नवी पाटी लावली होती आणि तिचा दिवा रात्रभर वाफ्यावर पडत होता. शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. वहिनीनं काळ्या अस्तराचा पडदा शिवला आणि दिवस मावळला की झाडांवर ओढायला सुरुवात केली. त्या हंगामात वाफा फुलांनी वाकला. पान घेऊन येणारी गिऱ्हाइकं तेव्हापासूनची.

पण खरी परीक्षा पुढंच होती. नणंदेचा फोन आला. तिचं झाड मेलं होतं. फुलांच्या दिवसांत येते, म्हणाली, आईची फांदी परत न्यायला. म्हणजे सासूची शेवंती आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, दुकानाच्या मागच्या दाराशी.

त्या वर्षी थंडी लवकर उतरली. वहिनीनं शिंपिणीला सुचावं तेच केलं. कोटांच्या कपड्याच्या उरलेल्या लोकरी चिंध्या झाडांच्या बुंध्यांभोवती जाड गादीसारख्या अंथरल्या. कळ्या धरल्या होत्या, झाडं उबेत राहतील.

आणि झाडांनी माना टाकल्या. वहिनीनं पाणी घातलं. माना आणखी खाली गेल्या. नवरा म्हणाला, तहान लागली असेल अजून. ती म्हणाली, तहान लागलीय तर प्यायल्यावर उठत का नाहीत? तिनं चिंध्या उचलल्या. ओल्या गच्च होत्या. खालची साल काळी, मऊ पडलेली. माती उकरली तर आंबूस वास आला आणि मुळं कुजक्या दोऱ्यासारखी हातात तुटून आली. बुडणाऱ्याला ती वरून पाणी पाजत होती.

ती पायरीवर बसून राहिली. झाडं तशीच ठेवली तर कळ्या कशाबशा उमलल्या असत्या, नणंदेला फुलं दिसली असती आणि मग सगळं संपलं असतं. आत्ताच कापलं तर फुलं नाहीत, पण फांद्या कदाचित मुळं धरतील.

"ताई येईपर्यंत राहू दे," नवरा म्हणाला. "निदान फुलं तरी बघेल."

"आणि नेईल काय? काटक्या?"

तिनं कात्री स्पिरिटनं पुसली. आतून पांढरी निघेल तीच फांदी ठेवायची, तपकिरी निघाली की टाकायची. कळ्या सगळ्या खुडल्या, खालची पानं काढली. बटणांच्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून वाळू भरली, फांद्या त्यात खोचल्या आणि डबे इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खिडकीत मांडले. बटणं पिशवीत गेली.

नणंद आली ती थेट मागच्या दारी गेली. उघडा वाफा बघून तिचा चेहरा उतरला. "वहिनी, फुलं कुठंयत?"

"कापली, वन्सं." आणि चिंध्यांपासून सगळं वहिनीनं आडपडदा न ठेवता सांगितलं.

नणंद खिडकीशी गेली. एक फांदी चिमटीत धरून तिनं हलकेच ओढली. फांदी हलली नाही. दुसरी ओढली, तीही नाही. मुळं धरली होती.

"मी माझं झाड चहाचा चोथा घालघालून मारलं," ती म्हणाली. "आणि वहिनी, आई असती ना, तिला हे कापवलं नसतं. तिच्या हातून गेलं असतं हे."

नणंदेसाठी चांगले रुजलेले डबे वहिनी निवडू लागली, तेव्हा तिची मान ताठ झाली होती.

आता नणंदेचा फोन येतो तो तिच्या नव्या झाडांची खबर घेऊनच. परवाही आला, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. खालची पानं पिवळी पडतायत म्हणे.

"वन्सं, आधी मातीत बोट घालून बघा," वहिनी सांगत होती. "ओली लागली तर पाण्याचा तांब्या ठेवून द्या बाजूला."

पँट घेऊन आलेला माणूस ताटकळला. नवऱ्यानं दातांतला दोरा काढला आणि म्हणाला, "थांबा जरा. आत पेशंट आहे."