बाळाचं पोट आणि आतून लावलेली कडी

लढाई चालू होती आणि माझे यजमान पलटणीत होते. कुठे, ते पत्रात लिहीत नसत. मी माहेरची सांगलीची, दिली होती कराडकडच्या एका गावात. घरी उसाचं रान, मळ्यात गडी, आणि घरात आम्ही चौघंच: सासूबाई, सासरे, मी आणि माझा सहा-सात महिन्यांचा मुलगा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, सासऱ्यांना मामंजी.

मुलगा माझा होता, पण दिवसभर तो माझ्याकडे नसे. मोठ्यांसमोर आपलं मूल उचलून घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, अशी रीत होती. भुकेनं रडला की आत्याबाई त्याला माजघराशेजारच्या खोलीत आणून माझ्या मांडीवर टाकत. पाजून झालं की परत घेऊन जात. त्या खोलीला छपराजवळ एक झरोका होता, दुसरी खिडकी नव्हती. पुढच्या दारी मी फक्त सकाळी सडा घालायला जात असे.

उष्टावण झालं आणि आत्याबाईंनी त्याला खायला घालायचं मनावर घेतलं. गव्हाचं सत्त्व, भाजलेल्या तांदळाची पेज, तीही चमचा उभा राहील इतकी घट्ट. दिवसातून तीनदा. "बाप लढाईवर हाय. आला की लेकरू हातात जड लागाय पायजे," असं त्या म्हणत. पाण्याचा मात्र थेंब देत नसत. पाणी बाधतं, एवढंच सांगत. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

दुपटी धुवायचं काम माझं, त्यामुळे सगळ्यात आधी मला कळलं. पहिल्यांदा एक दिवस दुपटं नुसतंच ओलं आलं, शी नव्हती, मग दोन दिवस, मग चार. पाचव्या दिवशी तो कुंथून कुंथून लालबुंद झाला, पाय पोटाशी घेऊन किंचाळला, आणि शेळीच्या लेंड्यांसारखे कडक खडे पडले. त्यांवर रक्ताची रेघ होती. ते दुपटं हातात घेऊन मी न्हाणीत कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

मला काय करायचं ते माहीत नव्हतं, असं नाही. मी सात भावंडांत थोरली. आई एकेकाला माझ्याच कडेवर द्यायची. पेज पातळ करायची, पाणी उकळून गार करून चमच्यानं पाजायचं, काळ्या मनुका भिजवून कुस्करून त्यांचं गाळलेलं पाणी द्यायचं, हे मी दहाव्या वर्षापासून करत आले होते. पण सासरी हे बोलायला मला तोंड नव्हतं. एकदा धीर करून म्हटलं, "आत्याबाई, पेज जरा पातळ केली तर?" त्यांनी चुलीवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "पातळ खाऊन कुणी बाळसं धरलंय?"

मग त्यांनी एरंडेल दिलं. चमचाभर. पोर दिवसभर पातळ हागलं, डोळे खोल गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळं बंद. पोट ढोलकीसारखं ताणलेलं.

मी सांगलीला आईला कळवायचं ठरवलं. चौथी झालेली होते, लिहिता येत होतं, पण घरातली पत्रं मामंजी लिहीत. ते पहिल्या लढाईला जाऊन आलेले, अक्षर मोत्यासारखं. कार्ड आणि टाक त्यांच्या पेटीत कुलपात असत. मी दाराआडून म्हटलं, "मामंजी, सांगलीला एक कार्ड टाकाल का? बाळाला बरं न्हाई."

"काय हुतंय?"

आता सासऱ्यांना कसं सांगायचं? "पोट दुखतंय," म्हटलं.

"पोटं दुखत्यातच लेकरांची," म्हणाले, आणि त्यांनी कार्ड लिहिलं. टपालात पडायच्या आधी मी ते कोनाड्यात पाहिलं. 'इकडील सर्व मंडळी खुशाल. बाळ खेळतो.' यजमानांनाही दर महिन्याला हेच जात होतं. त्या घरात काय चाललंय हे बाहेर कुणालाच कळणार नाही, हे मला त्या कोनाड्यापुढे उभी असताना समजलं.

पोट पुन्हा बंद झाल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी मामंजी मळ्यात गेले आणि आत्याबाई गोठ्यात होत्या. मी चुलीवर पाणी खळखळ उकळलं, फडक्यानं गाळून तांब्यात गार केलं. एक घंगाळं कोमट पाणी खोलीत नेऊन ठेवलं. मग ओसरीवरच्या पाळण्यातून मुलाला उचललं, खोलीत गेले आणि आतून कडी लावली. भरदिवसा सुनेनं दार लावून घेणं त्या घरात कधी झालं नसेल.

दोन चमचे पाजले असतील तेवढ्यात दार वाजलं.

"दार उघड."

"आत्याबाई, जरा थांबा."

"काय देतीयास त्येला?"

"पाणी."

मला वाटलं आता त्या ओरडतील, गड्यांना बोलावतील. पण दाराला तोंड लावल्यासारखा आवाज आला, अगदी हळू. "नगं देऊस बाई. तुझ्या पाया पडते. माझी दोन पाण्यानंच गेली. एक आठ महिन्याचा, एक वर्साची पोरगी. सकाळी हगवण लागली न् दिवस मावळायच्या आत गार झाली."

ही दोन मुलं होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यजमानांनीही नाही. चमचा माझ्या हातात तसाच राहिला. माझं चुकलं तर? दार उघडावं, मूल त्यांच्या हाती द्यावं, असंही वाटून गेलं. पण मांडीवर तो पुन्हा कुंथायला लागला होता.

"उकळून गाळलंय, आत्याबाई."

"उकळून काय हुतंय?"

"माझ्या आईची सातबी ह्याच पाण्यावर वाढली."

मी आणखी चार चमचे पाजले. त्याला कंबरेपर्यंत कोमट पाण्यात बसवलं, मग कोरडं करून चटईवर निजवलं आणि बेंबीभोवती हलक्या हातानं गोल गोल चोळलं. दोन्ही पाय धरून पोटाशी नेले, सोडले, परत नेले. खोलीत उकडत होतं. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. बाहेर त्या बसल्या आहेत, हे बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं. आत मी आणि बाहेर त्या, दोघींनाही तिथून हलता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो एकदा जोरात रडला आणि झालं. आधी कडक, मग मऊ. रक्त नव्हतं. मी कडी काढली. आत्याबाई उंबऱ्याशी गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे न बघता आधी दुपटं उचललं, उजेडात नेलं, उलटसुलट करून पाहिलं.

"हगवण न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही. घटकेघटकेला दुपटं तपासत होत्या. मामंजींना त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणून मला कुणी जाब विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेज चुलीवर ठेवली आणि शेजारी पाण्याचं भांडं. पाण्याला उकळी आली तरी हलेनात. मग विचारलं, "किती येळ ठेवू?"

"खळखळून उकळू द्या, आत्याबाई. मग झाकून गार करायचं."

पेज पातळ झाली. पुढच्या आठवड्यात तांबडा भोपळा शिजवून कुस्करून दिला, आणि बाजारातून त्यांनी स्वतः मूठभर काळ्या मनुका आणवल्या. मुलाचं पोट हळूहळू रुळावर आलं. गल्लीतल्या बायकांना मात्र आत्याबाई एरंडेलानं गुण आला म्हणून सांगत, आणि मी शेजारी बसून मान हलवत असे.

बाकी काही बदललं नाही. कार्डं तशीच खुशालीची जात राहिली. त्या दिवाळीला मला सांगलीला पाठवा म्हटलं, तर मामंजी नको म्हणाले. माहेरचं दार मला पुढच्या उन्हाळ्यात दिसलं. तोवर मुलगा चालायला लागला होता.