मैदानाला सडा

बेसबॉलच्या पुस्तकांचा मला राग आहे. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात जाते. परवा शेजारच्या बाईंच्या मुलानं अमेरिकेहून येताना माझ्यासाठी एक आणलं. वर हिरवंगार मैदान, आत गुळगुळीत कागद. "काकू, तुम्ही खेळायचात ना, म्हणून आणलं." पोरगं गुणाचं आहे म्हणून पुस्तक ठेवून घेतलं आणि त्याच्यावर मिक्सर ठेवला.

कुणी म्हणेल, न वाचताच कशाला नावं ठेवता? अहो, वाचलीत ना! कॉलेजात असताना असली पुस्तकं माझ्याएवढी या शहरात कुणी वाचली नसतील. आमचे खेळाचे सर मूळचे कबड्डीचे. त्यांनी जन्मात बेसबॉलचा सामना पाहिला नव्हता. पण खेळाडूंसाठी नोकरीत जागा राखीव असतात आणि बेसबॉलला गर्दी कमी, हे त्यांना नेमकं कळलं होतं. शहागंजातल्या एका रद्दीवाल्याकडं इंग्रजी पुस्तकं किलोवर मिळायची. त्यातून सरांनी बेसबॉलची निवडून पोतंभर आणली आणि आम्हा पोरींना डिक्शनरी घेऊन वाचायला बसवलं.

काय असायचं त्यात? गवत. पहिल्या पानावर गवत, शेवटच्या पानावर गवत. गवताचा वास, गवतावरचं दव, गवतावर बाप आणि पोरगा एकमेकांकडं चेंडू फेकतायत आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी. अरे, तुमचं बरं चाललंय की! माझा बाप कन्नड गावाच्या अलीकडं मेंढरं घेऊन गवताच्या काडीसाठी रानोमाळ फिरत होता. त्यानं माझ्याकडं चेंडू कधी टाकायचा? दुष्काळाची ती वर्षं. एक पाऊस हुकला, दुसरा हुकला, अर्धी मेंढरं बाजारात गेली. मला शिकायला मावशीकडं ठेवलं, कारण तिथं निदान डोक्यावर पत्रा होता. या पुस्तकांत मात्र कुणाला कधी तहान लागायची नाही.

आणि आपल्याकडं बेसबॉल म्हणजे काय? नुसती बॅट. पिक्चरमध्ये व्हिलनची माणसं जीपमधून उतरतात, तेव्हा त्यांच्या हातात असते ती. शहागंजात खेळाच्या सामानाच्या दुकानात मी एकदा बेसबॉलचा चेंडू मागितला, तर दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. "बॉल? बॉल का क्या करते बाजी? बॅट लो. बॉल कोई नै लेता." खोटं नव्हता बोलत. नवीन प्लॉटिंगवाले, मंडळाची पोरं, सगळ्यांच्या गाडीत सीटखाली बॅट, चेंडू एकाकडंही नाही. मी बॅट घेऊन एसटीत चढले की कंडक्टर हमखास विचारायचा, "कुणाला हाणायला निघाली गं?" आणि सगळी गाडी हसायची. लई संताप यायचा.

खेळत मात्र मी चांगली होते. मी कॅचर. बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचा. शहरातल्या पोरी चार चेंडूंत गुडघे धरून उठायच्या, मी तासन्‌तास बसायचे. राज्याच्या संघात नाव लागलं की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असलं की नोकरीची आशा. नाही लागलं तर गावाकडं स्थळ बघून ठेवलेलंच होतं, माणूस माझ्यापेक्षा बराच मोठा. बापानं स्पष्ट सांगितलं होतं, यंदा निवड झाली तर शिक, नाही तर पोत्यात कपडे भर आणि ये. म्हणजे माझं सगळं त्या एका निवडीवर येऊन थांबलं होतं.

निवड आमच्याच कॉलेजच्या मैदानावर ठरली आणि सरांच्या अंगात पुस्तक संचारलं. एका पुस्तकात मैदान कसं राखावं यावर अख्खं प्रकरण होतं. सामन्याआधी मधल्या मातीवर पाणी मारावं, म्हणजे धूळ उडत नाही आणि चेंडू नीट उसळतो. सरांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. बाहेरून निवड समितीचे साहेब येणार, मग त्यांच्यासमोर सगळं पुस्तकातल्यासारखं नको? सरांनी टँकर सांगितला.

आता हे मैदान कुठं होतं, ते ऐका. शहराच्या कडेला, जिकडं तिकडं प्लॉटचे रंगवलेले दगड, अर्धवट बिल्डिंगी आणि त्या बिल्डिंगींवर काम करणाऱ्यांची पत्र्याची वस्ती. आमची मावशी त्याच वस्तीत राहायची. दिवसभर फ्लॅटवाल्यांची भांडी घासायची आणि घरी येऊन रिकाम्या ड्रमापाशी बसायची. नळ नव्हताच. टँकर मनात आलं तर यायचा. टँकरचा हॉर्न ऐकला की वस्तीतली बाई तव्यावरची भाकरी टाकून घागर घेऊन पळायची. टँकर कुणाचा, कुठं चाललाय, हे विचारायचं नंतर. असल्या ठिकाणी भरदिवसा हॉर्न वाजवत पाण्याचा टँकर आणायचा आणि मातीवर ओतायचा! एवढी अक्कल पुस्तकातूनच येऊ शकते.

व्हायचं तेच झालं. ड्रायव्हरनं पाइप सोडला, लाल मुरमावर पाणी पडायला लागलं आणि कुंपणाच्या फटीतून बाया आत आल्या. घागरी, कळश्या, रंगाचे डबे, हाताला लागेल ते. सगळ्यांत पुढं आमची मावशी.

"मैदानाला सडा टाकतेत व्हय?" ती ओरडली. "लगीन हाय का कुणाचं?"

ड्रायव्हर म्हणाला, "मौसी, हटो ना. मेरेकू जमीन भिगाने कू बोले."

"जमीन भिजव, आन आमच्या तोंडात माती घाल!"

सर लांबून शिट्टी फुंकत होते. साहेब मांडवात खुर्चीवर चहा पीत होते. मी बॅटिंगचा सराव करत होते, बॅट हातातच होती. मी पळत गेले. डोकं फिरलं होतं माझं. ड्रायव्हर हातातला पाइप सोडेना, म्हणून मी बॅट पाइपाखाली घातली आणि जोर लावून पाइप बायांकडं वळवला. धार सुटली ती थेट त्यांच्या अंगावर. बाया किंचाळत, हसत मागं पळाल्या, टँकरच्या पलीकडं, मांडवातून दिसणार नाही अशा अंगाला गेल्या आणि तिथं घागरी लावल्या. मैदान रिकामं झालं. ड्रायव्हर मला म्हणाला, "अब तू ही समझा तेरे सर कू," आणि पाइप त्यांच्या घागरींत धरून उभा राहिला.

अर्धं मैदान भिजलं, अर्धं कोरडं राहिलं, तशीच निवड झाली. मी जीव तोडून खेळले. एक चेंडू मागं जाऊ दिला नाही. दुपारी नावं वाचायला साहेब उभे राहिले. माझं नाव आलं. मला रडू फुटणार तेवढ्यात साहेब माईकवर म्हणाले, "या मुलीची डेअरिंग बघा! एकटीनं बॅट उगारली आणि सगळा जमाव पळवून लावला. मैदान वाचवलं. असा खेळाडू पाहिजे."

टाळ्या पडल्या. मांडवातून त्यांना तेवढंच दिसलं होतं. बॅटवाली धावली, बाया पळाल्या. पिक्चर बघून बघून डोळे तसेच झालेले, दुसरं काय दिसणार? कुंपणापलीकडं त्याच बाया भरल्या घागरी डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि ऐकत होत्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "साहेब, मी नाही हाकललं त्यांना. मी पाइप त्यांच्याकडं वळवला. पाणी त्यांनी भरलं."

सरांनी डोळे वटारले. साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मैदानाचं पाणी तू वाटून टाकलंस? इतक्या खेळाडूंचं नुकसान केलंस?" मग शिस्तीवर भाषण झालं, आणि माझ्या जागी दुसरीचं नाव वाचलं. तिला उकिडवं बसता येत नव्हतं.

घरी येऊन मावशीला नाव कापल्याचं सांगितलं. मला वाटलं, जवळ घेईल. ती भडकली.

"कशाला बोललीस? त्यो सायेब म्हणत हुता नं हाणलं म्हून, मग म्हणू द्यायचं की! तुझ्या बोलण्यानं त्याचं पोट भरलं का माझं?"

"मावशे, पण खोटं हुतं ते."

"आन ते गावाकडचं स्थळ? ते बी खोटं हाय का?"

तिनं घागर बाजूला ठेवली, माझा दंड धरला आणि तशीच फरफटत परत कॉलेजात नेलं. साहेबांचं जेवण चाललं होतं. सर वाढत होते. मावशी चपला बाहेर काढून थेट आत गेली.

"सायेब, ही लबाड बोलली," ती म्हणाली. "हिनंच हाणलं आम्हाला. लई हाणलं. मी हिची सख्खी मावशी. चार लोकांत मावशीला मारलं कसं सांगावं, म्हून लाजली आन पाइपाचं सांगत बसली. हे बघा." आणि तिनं पदर सारून मनगटाच्या वरचा काळपट वळ दाखवला. तो तव्याचा चटका होता. आदल्या दिवशी मीच त्याला हळद लावली होती.

साहेबांनी वळ पाहिला. त्यांच्या तोंडावर परत तेज आलं. सर घाईघाईनं म्हणाले, "साहेब, मी म्हणालोच होतो, पोरगी दमदार आहे." साहेबांनी हात धुतले आणि माझ्याकडं वळले.

"खरं आहे का गं? मारलंस तू हिला?"

मी मावशीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, खाली मान घालून मार खाल्लेल्या बाईसारखी उभी होती. मला त्या साहेबाचं ताट उचलून त्याच्याच डोक्यात घालावंसं वाटलं.

"व्हय," मी म्हणाले.

साहेबांनी पेन काढलं. दुसरीचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. वर मला सांगितलं, "मोठ्या माणसांवर हात उचलू नये. पण मैदानावर असाच जोश ठेव."

बाहेर आल्यावर मावशीनं चपला घातल्या. माझं रडं थांबत नव्हतं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, खसाखसा, लहान पोराचं पुसतात तसं.

"आता नीट खेळ," ती म्हणाली. "नायतर मी फुकट मार खाल्ला म्हणायचा."