पाटीची दुसरी बाजू

मी मास्तर होतो आणि मला मराठी वाचता येत नव्हतं. आज हसत सांगतो, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. निजामी संपली आणि थोड्याच दिवसांत हुकूम आला की शाळेत सगळं मराठीतून शिकवायचं. माझं सारं शिक्षण उर्दूतलं. हिसाब, जुग्राफिया म्हणजे भूगोल, तारीख म्हणजे इतिहास, काहीही विचारा, घडाघडा सांगायचो. मराठी बोलायला काही अडचण नव्हती, घरात तीच होती. पण अक्षरं लहानपणी चार दिवस गिरवलेली, ती कधीच विसरलो होतो. चार महिन्यांनी साहेब तपासणीला येणार आणि ज्याला जमत नाही त्याला घरी बसवणार, असं ऐकायला मिळालं. घरी पहिलं लेकरू यायचं होतं. मी मुळातच तापट, त्यात ही काळजी. पोरांवर ओरडायचो, भाकरी जाड झाली म्हणून रुसायचो.

पिंगळी स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव. आम्ही ख्रिस्ती चारच घरं. रविवारी एका ओसरीवर जमून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचो. वाचायची माझी बायको, कारण ती नगरकडच्या मिशन शाळेत सातवी झालेली. एका रविवारी कोणीतरी म्हणालं, आज मास्तरांनी वाचावं. नाही म्हणायला जीभ रेटेना. पुढच्या रविवारचं कबूल करून बसलो आणि आठवडाभर बायकोकडून तो उतारा ऐकून पाठ केला.

रविवारी पुस्तक ऐटीत उघडलं आणि सुरू झालो. प्रेषिताने तुरुंगात बसून लिहिलेलं पत्र होतं ते. चिंता सोडा, आनंदात राहा, जे खरं आणि चांगलं आहे तिकडे मन लावा, अशा अर्थाचं. आवाजही छान लागला होता. शेजारी एक म्हातारी बसायची, मेंढरं राखणारी. सगळे तिला मावशी म्हणत. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून अर्धं शास्त्र तोंडपाठ. ती वाकून पानाकडे बघत म्हणाली, “मास्तर, हितं तर नद्या आन् डोंगर हायेत. तुमी नकाशा वाचायलाव!”

उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. सवयीने मी हेही तसंच उघडलं होतं, आणि शेवटच्या पानांवर नकाशे छापलेले होते. ओसरी हसून लोटपोट झाली. सगळ्यात मोठ्याने हसली माझी बायको. मी तणतणत उठलो आणि चालू लागलो.

मावशी मागोमाग आली. मी तिच्यावरही खेकसलो, पण शेवटी मनातलं तोंडावर आलंच. “नोकरी जाणार, मावशी. दिवसभर तेच डोक्यात. कितीही हाकललं तरी जात नाही.”

“हाकलून कसं जाईल?” ती म्हणाली. “मेंढीचं कोकरू मेलं की ती आरडत बसती. दटावल्यानं गप ऱ्हाती का? दुसरं पोरकं कोकरू तिच्या कासंला लावावं लागतंय. पयल्या दिशी लाथा मारती, मग घेती. पत्रात त्येच तर हाय. नुसतं चिंता करू नका म्हणून सोडलं न्हाई, कशाचा इचार करायचा तेबी सांगितलंय. रोज एक चांगला इचार धरा. पर आधी बगा, खरा हाय का. मनबी मेंढीवानी हुंगून बघतंय, मास्तर. खोटं लय लवकर कळतंय त्याला.”

रागात होतो, तरी पटलं. त्याच संध्याकाळी पाटी घेऊन बसलो. एका बाजूला मनात आलेला वाईट विचार लिहायचा, उर्दूत. हाताला तीच सोपी, शिवाय घरात ती दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. मग बायकोकडून पत्राचा तो भाग ऐकायचा, पाटी उलटायची आणि चांगला विचार मराठीत लिहायचा. बायको अक्षरं दाखवायची आणि ओला फडका घेऊन शेजारी बसायची. पहिल्या दिवशी मी महत्प्रयासाने लिहिलं, ‘मी उत्तम शिक्षक आहे.’ तिने विचारलं, “हे खरं आहे का?” आणि लगेच पुसून टाकलं. ‘मला आज पाच अक्षरं आली’ हे मात्र राहू दिलं.

हळूहळू पाटी भरायला लागली. कापूस वेचणीचे दिवस असूनही पोरं शाळेत येतात. मावशीने न मागता ताक दिलं. तुरुंगातला माणूस आनंदात राहा म्हणतो, मी तर घरात बसून गरम भाकरी खातो. विचार बदलता बदलता हात मराठीवर कधी बसला ते कळलंही नाही. मी ओरडेनासा झालो, तेव्हा पोरं आधी घाबरलीच. मग त्यांनाही रोज शाळा भरताना पाटीवरचं वाचून दाखवायला लागलो. मला फार मजा यायला लागली होती.

साहेब आले ते बैलांच्या दमणीत बसून, कपाळाला आठ्या घालून. मी सकाळीच पाटीवर उर्दूत लिहिलं होतं, ‘आज नोकरी जाणार,’ आणि दुसऱ्या बाजूला मराठीत पत्रातलीच ओळ. फळ्यापुढे उभा राहून भागाकार शिकवला. एकदा भागाकाराऐवजी तोंडातून तक्सीम निघून गेलं. पोरं खुदकन हसली, मीही हसलो. वळून बघतो तर साहेबांनी नवा मराठी हजेरीपट मागच्या बाजूने उघडला होता आणि ते कोरं पान निरखत होते.

बरा सापडला, हाच माझ्या मनातला पहिला विचार. स्वभावच तसा. पण चार महिन्यांची सवय आडवी आली. खरं काय होतं? खरं एवढंच की त्या रविवारी मीही पुस्तक असंच उघडलं होतं. मी मुकाट्याने जाऊन हजेरीपट सुलटा करून दिला.

तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या पाटीवर गेली. उर्दूची बाजू वर होती. साहेबांनी वाचलं, दाराकडे एकदा बघितलं, पेन्सिल उचलली आणि माझ्या ओळीखाली सुंदर वळणदार उर्दू अक्षरांत लिहिलं, ‘मेरी भी.’

मला भरून आलं. मी पाटी उलटून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अक्षराखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली, “जे खरं... आणि चां... चां...” आणि अडले. पोरांना ओळ पाठ होती. सगळी एका सुरात ओरडली, “चांगलं आहे, तिकडे मन लावावं!” साहेब दचकले आणि मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. जाताना शेरा चांगला दिला आणि ती ओळ आपल्या वहीत उतरवून घेऊन गेले.

मी उड्या मारतच घरी आलो. बायकोने पाटी बघितली. “हे दुसरं अक्षर कोणाचं? काय लिहिलंय?”

मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. तिने नेहमीसारखं विचारलं, “हे खरं आहे का?”

“माझं तर खोटं निघालं,” मी म्हणालो. “त्यांचंही निघेल.”

तिने ओला फडका माझ्या हातात दिला. मी माझी ओळ पुसली, आणि साहेबांचीही.